शिरपाची ओवी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — आणि ज्या मुलाचं नाव त्यात आहे, त्याला तर नाहीच. मी किती फाटक्या तोंडाची हे सगळं टाकवे गाव जाणतं; पण एवढं एक आत ठेवलं. ऐका तर. ऐन तरुणपणी मी एक मूर्खपणा केला. माझ्या धडधाकट, नाचत्या पोराला मी गाण्यात मारलं. कशासाठी? चार बायकांनी वाहवा करावी म्हणून!

विशीही उलटली नव्हती. आवाज बरा होता, आणि तो बरा आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. नाक इतकं वर, की पाऊस आत जावा. पण ओव्या रचायची ती माझी थोरली जाऊ, अक्का. पहाटे जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा. तिनं ओवी टाकायची, मी मागून ओढायची. माझ्या डोक्यात दोन ओळी कधी जुळल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात तिचा शिरपा तापानं गेला. रांगता होता. अक्का फारशी रडली नाही. एका पहाटे दळता दळता म्हणाली —

रिकाम्या झोळीला, वारा देतो गं झोका
शिरपा निजलाया, त्याला उठवू नका

ती ओवी मी मागून म्हटली नाही. म्हणवेचना. म्हणजे तेव्हा थोडी लाज होती — मग उन्हाळ्यात कुठे गेली?

उन्हाळ्यात आम्ही दोघी लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर लग्नाच्या दळणाला गेलो. अक्का पाण्याला गेली होती, मी जात्याशी एकटीच गुणगुणत होते. शेठाणी पाहुण्या बायकांना घेऊन आली. "मोठ्यानं म्हण ना गं!" मोठ्यानं म्हणण्यासारखं माझं स्वतःचं काय होतं? मी अक्काची ओवी काढली. पण ओवीत आपल्या माणसाचं नाव घालायची आमची रीत. शिरपा म्हटलं असतं तर ओवी तिची झाली असती. म्हणून मी नाव बदललं — गणपा घातला. माझा गणपा! तो तेव्हा घरी आजीच्या शेळ्या पिटाळत असेल.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "तुझाच का गं?" शेठाणीनं विचारलं. मी मान डोलावली. आणि — आता कशाला लपवू — फार बरं वाटलं.

तेवढ्यात अक्का हंडा घेऊन आली. शेठाणी म्हणाली, "पुन्हा म्हण गं, हिलाही ऐकू दे."

मी म्हटली. अक्काच्या तोंडावर. गणपाच्या नावानं. घसा बसलाय म्हणता आलं नसतं का? आलं असतं. अक्का डोक्यावरचा हंडा न उतरवता शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

पुढे एकाच घरात आम्ही म्हाताऱ्या झालो. ती बोलायची, हसायचीसुद्धा. गणपाला माझ्याहून जास्त तिनं जपलं. पण माझ्यासमोर जात्याला पुन्हा बसली नाही. गावात गिरणी येईपर्यंत मी एकटीच दळलं. समोरची जागा रिकामी, आणि गळा असून गायची सोय नाही. आता अक्काही नाही.

बंगल्यावरून परतलो त्या पहिल्या पहाटे मी खुंटा धरून तिची वाट बघत होते. ती आली, पण उंबऱ्यातच थांबली.

"सखू, तुजा गनपा जित्ता हाय. लय वर्सं जगू दे त्याला. माज्यापाशी शिरपाचं तेवढंच व्हतं गं. आता तू एकलीच दळ — तुला पाठ हाय."