वाटीतला थेंब

आमच्या घरात मला शेळीची लेक म्हणतात. तान्ही असताना मी शेळीच्या दुधावर वाढले. करकंबला, आजोळच्या अंगणात, लिंबाला बांधलेल्या एका काळ्या शेळीनं मला जगवलं असं सगळे सांगतात. ती शेळी मला आठवत नाही, पण लिंब अजून आहे, आणि सुट्टीत आमचा झोका त्यालाच असायचा. माझं डोकं तापलं की वडील अजूनही म्हणतात, "शेळीचं दूध आहे ते, शिंगं उगारणारच." लग्न होऊन करमाळ्याला गेले तर ही गोष्ट माझ्याआधीच तिथं जाऊन पोचलेली. मीही हसायचे. शाळेत मुलांनाही सांगायचे.

पहिल्या बाळंतपणाला सोलापूरला, शुक्रवार पेठेत आईकडे आले. मुलगा झाला. अंगानं भरलेला, आवाजानं खणखणीत. सुरुवातीचे दिवस बरे गेले आणि मग महाराजांनी दूध काढायला सुरुवात केली. पाजलं की थोड्या वेळात गुळणी. ढेकर काढायला खांद्यावर घेतलं की पाठीवरून ओघळ. कधी कधी इतकं यायचं की वाटायचं, प्यायलेलं सगळं बाहेर आलं. त्यावर पाठ ताणून, मान मागे टाकून रडणं. आईच्या जुन्या सुती साड्यांची फडकी केली होती, ती वाळायच्या आत पुन्हा ओली व्हायची. माझा गाऊन, आईचा पदर, वडिलांचा बनियन, सगळ्या घरालाच आंबट वास लागला होता.

आणि प्रत्येक गुळणीनंतर एकच प्रश्न: "काय खाल्लं होतंस?"

अहो, काय खाणार? बाळंतीण बाई मी, ताटात वाढलंय तेच खाणार ना! पण नाही. आधी शेंगांची चटणी बंद झाली. सोलापुरात राहून शेंगांची चटणी नाही, तेही सोसलं. मग वांगं गेलं, हरभऱ्याची डाळ गेली, तूर गेली, केळं गेलं. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, पालेभाजीनं होतं. पालेभाजी गेली. शेवटी मऊ भात, मुगाचं पाणी आणि तूप एवढ्यावर मी आले, आणि पोरगं होतं तसंच गुळण्या टाकत होतं. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा धडा मला तोंडपाठ आहे. तरी ताटातली डाळ मी स्वतःच्या हातानं बाजूला सारत होते. रडणारं लेकरू मांडीवर असलं की शिकलेलं सगळं चुलीत जातं, खरंच सांगते.

दीड महिन्याच्या लसीला बाळाला घेऊन मी आणि आई दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी बाळाला उलटंपालटं करून तपासलं, पोटाला हात लावून बघितला, वजन केलं.

"हा ओकत नाहीये, सांडतोय," त्या म्हणाल्या. "अन्ननळी आणि पोट यांच्यामधलं झाकण अजून सैल आहे. वाढेल तसं घट्ट होईल. पाजल्यावर लगेच आडवा टाकू नका, थोडा वेळ उभा धरा. हिरवी उलटी झाली, रक्त दिसलं किंवा प्यायचंच सोडलं, तर मात्र ताबडतोब घेऊन या."

मग त्यांनी दोन छोट्या बाटल्या लिहून दिल्या. एकीत पोटातल्या चांगल्या जंतूंचे थेंब. "काही बाळांना आराम पडतो, काहींना नाही. देऊन बघू." दुसरीत ड जीवनसत्त्व. "हे गुळणीसाठी नाही हं. अंगावर पिणाऱ्या सगळ्याच बाळांना देतो. आईच्या दुधात ते पुरेसं नसतं."

आईनं त्या सगळ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"म्हंजी दुधात कमी हाय व्हय?" तिनं विचारलं. आई एरवी पेठेतल्या बायकांसारखं बोलते, पण घाबरली किंवा चिडली की करकंब बाहेर येतं. तेवढ्यात नर्सनं सुई टोचली, पोरगं किंचाळलं आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

घरी आल्यावर वडिलांनी दुसरी बाटली हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. "सोलापुरात उन्हाचं औषध? अगं, बाहेर पाय ठेवला तर चप्पल चिकटतीय, आणि आपण पोराला बाटलीतनं ऊन पाजायचं?"

"तुमचा नातू टोपडं, झबलं आणि दुपट्यात गुंडाळून कूलरच्या खोलीत असतो," मी म्हटलं. "त्यानं ऊन बघितलंय का कधी? आणि या उन्हात बाहेर ठेवून भाजायचंय का त्याला?"

"शिंगं उगारली बघा," वडील म्हणाले आणि बाटली गुमान फडताळात ठेवली.

थेंब देणं हा एक सोहळाच होता. आई पाय धरणार, मी ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला लावणार, वडील खुळखुळा वाजवणार. पठ्ठ्या थेंब चाटायचा, तोंड वाकडं करायचा, आमच्याकडे टकामका बघायचा. पहिल्याच दिवशी दुधासकट थेंबही बाहेर आले. आता पुन्हा द्यायचे की नाही? आई म्हणाली, द्यायचे. वडील म्हणाले, मुळीच नाही. दोघांची अशी जुंपली की मी सरळ दवाखान्यात फोन लावला. "पुन्हा देऊ नका, उद्याचं उद्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. वडील दिवसभर जिंकल्यासारखे घरात फिरत होते.

जंतूंच्या थेंबांनी फरक पडला का? आजही मला छातीठोक सांगता येणार नाही. रडणं जरा कमी झालं. ते थेंबांमुळं, उभं धरल्यामुळं की पोरगं मोठं होत होतं म्हणून, कुणास ठाऊक. गुळण्या मात्र चालूच होत्या. आणि 'दुधात कमी आहे' हे वाक्य घरात ठाण मांडून बसलं होतं. फोनवरून ते करमाळ्यालाही पोचलं.

तिथून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. पिशवीत अळिवाचे लाडू, हातानं शिवलेली झबली आणि पावडरच्या दुधाचा एक मोठा डबा, बाटलीसकट. बाई मनानं वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते. बसल्या बसल्या नातवाला मांडीवर घेतलं, त्याची दृष्ट काढली, आणि त्यानं त्यांच्या नव्या साडीवर भली मोठी गुळणी टाकली.

"लई सांडतंय की गं," त्या पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई बी म्हणल्या न्हवं, दुधात कमी हाय म्हणून? मग कशाला लेकराचे हाल करायचे? अंगावरचं तोडा आन् वरचं चालू करा."

"आत्या, डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत," मी म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता, कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं. पाजायला बसले की एकच विचार, आता किती बाहेर येईल? तो माझ्याकडे बघत प्यायचा आणि मी मनात त्याची माफी मागत असायचे. मला त्याला पाजायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

मी आईकडे बघितलं. माझी आई कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. भाजीवालीपासून वीज मंडळाच्या साहेबापर्यंत सगळ्यांना तिनं जागच्या जागी उत्तर दिलेलं मी बघितलंय. आणि आज तिच्या लेकीच्या दुधाला नावं ठेवली जात असताना ती भिंतीला टेकून, फरशीकडं बघत गप्प बसली होती. मला तिचा असा संताप आला म्हणून सांगू! बोल की काहीतरी, म्हटलं मनात, एरवी तर तोंडाला दम नसतो.

"मन मानत न्हाय तर असं करा," आत्या म्हणाल्या. "वाटीत पाणी घ्या आन् दुधाचा एक थेंब सोडून बघा. पसरला तर दूध चांगलं. तळाला गेला तर जड. आमच्याकडं असंच बघत्यात." आणि त्या स्वतःच उठून स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन आल्या.

आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, ती वाटी हातात घेतली. खोटं कशाला सांगू? कुणीतरी एकदाचं 'दूध चांगलं आहे' म्हणावं, मग ती वाटी का म्हणेना, असं झालं होतं मला.

आई उठली. तिनं माझ्या हातातली वाटी ओढून घेतली आणि पाणी मोरीत फेकलं. वाटी हातातनं सुटून फरशीवर वाजत गेली.

"माझ्या घरात ही वाटी हुणार न्हाय!"

पोरगं दचकून रडायला लागलं. आत्या बावरल्या. "अवो विहीणबाई, मी काय वावगं बोलले का?"

"न्हाय. तुमी वावगं न्हाय बोलला," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

नंतर वडिलांनीच तोडगा काढला. अडीच महिन्याच्या लसीला वजन होईल. वजन नीट वाढलेलं नसलं तर अंगावरचं थांबवायचं आणि डबा फोडायचा. मी कबूल केलं, दुसरं काय करणार होते? त्या दिवसाला आत्याही येणार म्हणाल्या. डबा फडताळात थेंबांच्या बाटल्यांशेजारी बसला. पाजताना तो बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा.

वाटी फेकली त्याच रात्री जेवताना आईनं माझ्या ताटात तुरीची आमटी वाढली, भाकरी वाढली आणि बाजूला शेंगांची चटणी.

"अगं, त्याला त्रास झाला तर?" मी म्हटलं.

"खा मुकाट्यानं. उपाशी बाईला दूध कुठनं यायचं?"

मी खाल्लं. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं की कशानं, तिनं विचारलं नाही. पुढचे सगळे दिवस मी पाजलं की ती बाळाला माझ्याकडून घ्यायची, खांद्याशी उभा धरायची आणि गॅलरीत फेऱ्या मारायची. "राहू दे रे राजा, थोडं आत राहू दे," असं त्याच्या कानाशी पुटपुटत. त्यात काकुळती होती. मला वाटायचं, नातवासाठी चाललंय.

लसीच्या दिवशी आम्ही तिघी बाळाला घेऊन रिक्षानं निघालो. दवाखान्याच्या दारातच त्यानं माझ्या खांद्यावर गुळणी टाकली. गेलं, तेवढं वजन कमी भरणार! इतकं वेडं झालं होतं माझं डोकं.

कपडे काढून त्याला काट्यावर ठेवलं. तो पाय झाडत होता, त्यामुळे आकडा स्थिर होईना. डॉक्टरबाईंनी वाट बघितली, मग आकडा वाचला, कार्डावरचा जुना आकडा बघितला आणि हसल्या.

"छान वाढलाय. काही बदलू नका. अंगावरचंच चालू ठेवा, थेंब रोज द्या."

मी तिथंच रडायला लागले. लाजबिज काही नाही, मोठ्यानं. आत्यांनी माझी पाठ थोपटली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "पर तुमी म्हणला हुता न्हवं, दुधात कमी हाय?"

"ड जीवनसत्त्व कमी असतं. ते सगळ्याच बायकांच्या दुधात कमी असतं, माझ्याही होतं. म्हणून वरून थेंब द्यायचे. दूध वाईट म्हणून नाही."

"असं व्हय!" आत्या खुलल्या. "मग तो डबा देते दुकानात परत."

लस झाली. मी रडणाऱ्या बाळाला दुपट्यात गुंडाळलं, आत्या उठल्या. आई खुर्चीवरून हलली नाही.

"डॉक्टर, एक इचारू का?" ती म्हणाली. "बाळाचं न्हाय."

"विचारा ना, आजी."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ही माझी लेक. ही बी अशीच सांडायची. एवढीच हुती तवा. आमच्यात वाटीत पाणी घिऊन थेंब सोडला. तळाला गेला. दूध वाईट हाय म्हणाले आन् हिला माझ्याजवळनं काढून घेतली. पुना पाजू दिली न्हाय. ते दूध, डॉक्टर, वाईट हुतं का?"

बाहेर पोरं रडत होती. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अंगानं कशी होती मुलगी तेव्हा?"

"गुबगुबीत हुती की. आता ह्यो हाय तशी."

"मग तुमचं दूध चांगलंच होतं, आजी. पाण्यात थेंब टाकून दुधाचं काही कळत नाही. अगदी चांगलं होतं."

आईनं मान हलवली. "मी म्हणत हुते तवा," ती एवढंच म्हणाली.

जन्मभर ज्या शेळीवर मी हसत आले, तिच्या गोष्टीत आई कुठं होती हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पायऱ्या उतरताना आत्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं आणि मोकळ्या हातानं आईचा दंड धरला.

रिक्षात मी आईला चिकटून बसले. विचारलं, "आई, मग तुला आलेल्या दुधाचं काय केलंस?"

ती बाहेर रस्त्याकडं बघत होती.

"यायचं की. तू तिकडं रडलीस की हिकडं चोळी भिजायची, दुधाला कुठं कळतंय पाजू देत न्हाईत ते? पिळून काढायची. पायदळी पडू नये म्हणत्यात, म्हणून अंगणातल्या लिंबाच्या बुडात वतायची."

मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"केवढा झालाय बघ तो लिंब."