उज्ज्वलानं लावलेलं टिकतं

संगीता राठोडच्या पोटात दिवाळीपासून दुखत होतं, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. त्या दुखण्याचं नाव उज्ज्वला. नात्यानं धाकटी जाऊ, कामानं पार्लरमधली मदतनीस, आणि संगीताला खाजगीत विचाराल तर घरात नांदायला आलेली साडेसाती.

आर्णीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत संगीताचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, पडद्यापलीकडे वॅक्सिंगची खाट. हे सगळं तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं, आणि ते ती कोणाला विसरू देत नाही. लग्न होऊन ती बंजाऱ्यांच्या तांड्यात आली तेव्हा घरात चूल होती, बाहेर कापूस होता आणि तिसरं काही नव्हतं. तिनं हट्टानं आर्णीत ब्युटी पार्लरचा क्लास लावला. सकाळच्या काळीपिवळी जीपनं जायची, दिवे लागताना परत यायची. शिकता शिकता पहिलं नेलपॉलिश लावलं ते सासूच्या, धनीबाईच्या नखांवर. कापूस वेचायचे दिवस होते, तरी ते पॉलिश हललं नाही. वावरात, पाण्यावर, किराणा दुकानात बायका धनीबाईचा हात धरधरून पाहायच्या. पोरीचा हातच चांगला, असं तांडाभर झालं, आणि मग एकेक नवरी संगीताकडे येऊ लागली. पुढे घर आर्णीला आलं, पार्लर आलं. पण ही गोष्ट संगीता अजूनही गिऱ्हाइकाच्या भुवया कोरता कोरता सांगते. गिऱ्हाईक हलू शकत नाही, त्यामुळे ऐकून घेतं.

तिचं मॅनिक्युअर म्हणजे थाटाचं काम. कोमट पाण्यात शाम्पू टाकून हात भिजवायचे, मग खोबरेल तेलानं कोपरापर्यंत असं चोळायचं की बाईचे डोळे मिटावेत. त्यावर लगेच पॉलिशचा एकच हात, पण जाड, घसघशीत. कंजुषी तिला कधी जमली नाही. चार दिवसांत त्या पॉलिशचे पोपडे निघायचे ही गोष्ट खरी. पण पॉलिश म्हटल्यावर ते निघणारच, असं सगळ्या आर्णीला वाटत होतं, तोवर कोणाची तक्रार नव्हती.

मग धाकटा दीर भारत उज्ज्वलाला लग्न करून घेऊन आला. ही पुसदकडची, यवतमाळला कोर्स केलेली, आणि तोंडाला कुलूप नाही. पार्लरमध्ये पाऊल ठेवल्याच्या आठवड्यातच तिनं भर गिऱ्हाइकासमोर सांगितलं, "काय व ताई, तेलाच्या नखावर पालिश धरन कसं? आन पान्यानं नखं फुगतात. सुकले का आखसतात, मंग पालिश सोडते."

बोलली ते बोलली, वर करून दाखवलं. रिमूव्हरच्या बोळ्यानं एकेक नख पुसून कोरडं केलं. आधी बेस कोट. मग रंगाचा पातळ हात, तो वाळेपर्यंत गप्पा, मग दुसरा पातळ हात. ब्रश नखाच्या कडेवरून पण फिरवला, म्हणजे टोकही झाकलं जावं. शेवटी वरचा चकचकीत कोट. आणि जाताना बाईला बजावलं की भांडी घासताना रबरी हातमोजे घाला.

कृषी केंद्रवाल्यांच्या विजयमालाताई संगीताच्या अगदी पहिल्यापासूनच्या गिऱ्हाईक. त्या एक दिवस आल्या आणि संगीतानं पुढे केलेल्या खुर्चीला वळसा घालून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. "राग मानू नका बरं," त्या म्हणाल्या, "पण उज्ज्वलानं लावलेलं टिकतं."

संगीतानं राग मानला. चांगला घट्ट धरून ठेवला. त्यानंतर महिनाभरात ते वाक्य तिनं इतक्या तोंडून ऐकलं की दाराची कडी वाजली तरी तिला तेच ऐकू येई. तिची खुर्ची रिकामी राहू लागली. उज्ज्वलाचं हसणं तिला खुपू लागलं, तिचा फोन खुपू लागला, तिनं केलेला चहासुद्धा कडू लागला. तो चांगला असायचा, म्हणून तर जास्तच.

खरी ठिणगी पडली ती खुशीवरून. खुशी म्हणजे नणंदेची मुलगी, माघात तिचं लग्न. घराण्यातल्या प्रत्येक नवरीचे हात आजवर संगीतानं सजवले होते. तो तिचा मान होता, कोणी दिलेला नसला तरी. आणि खुशीचा फोन आला तो असा, "मामी, नखं उज्ज्वलामामीकडून करू का? तिचं टिकते म्हनतात."

संगीता फोनवर गोड बोलली आणि फोन ठेवून पेटली. पार्लरमध्ये विजयमालाताई उज्ज्वलापुढे हात धरून बसल्या होत्या, मागच्या दारात धनीबाई सुपात तूर पाखडत होती. संगीता म्हणाली, "सोफ्यावर बसनाऱ्या बायाईच्या हाताले कोनाचंबी टिकते. मोजे घालून तं टिकनच. कामाच्या हाताले, बिनामोज्याचं, टिकवून दाखव म्हना. टिकलं तं खुशीचे हात तुहे. नाही टिकलं तं मी करीन, आन मंग ह्या दुकानात मले कोनं शिकवाचं नाही."

उज्ज्वलाला प्रश्न पडला, कामाचा हात आणायचा कुठून? तेवढ्यात धनीबाईनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि पुढे केले. "घे. ह्या हातानं कामच केलं जलमभर."

उज्ज्वलानं सासूची नखं डाळिंबी रंगानं रंगवली. लग्न दोन आठवड्यांवर होतं; तोवर टिकलं तर ती जिंकली, असं ठरलं.

त्या दिवसापासून संगीता सासूशी बोलताना तिच्या तोंडाकडे पाहीनाशी झाली. सकाळी चहाचा कप देताना बोटं, दुपारी भाकर वाढताना बोटं. कुठे टवका उडाला का, कडेला पांढरं दिसतं का. आणि नुसती पाहूनही थांबली नाही. सांगायला लाज वाटते, पण तिनं दूध मुद्दाम करपवलं आणि तो टोप सासूपुढे ठेवला. लग्नघरी न्यायची म्हणून पितळेची भांडी माळ्यावरून काढून चिंचेनं घासायला दिली. दुसऱ्या वेचणीचा कापूस निघाला तेव्हा, "याडी, तुमाले घरात करमत नाही, जा वावरात," असं सासूला आई म्हणत मोठ्या मायेनं म्हणाली. कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकं नखांचं काय करतात ते तिला चांगलं माहीत होतं. शेजारणींना वाटलं, सुनेला सासूचं केवढं!

धनीबाईनं सगळं केलं. टोप लखलखीत झाला, पितळ उजळलं, कापूस घरी आला. आणि नखं होती तशीच, डाळिंबाच्या दाण्यासारखी. तांड्यावरच्या बाया पुन्हा हात पाहायला येऊ लागल्या. उज्ज्वला तर सासूच्या हाताकडे ढुंकूनही पाहत नव्हती, इतका तिला विश्वास. ते पाहून संगीताला रात्री जेवण जाईना. नवरा सेवादास म्हणाला, "तुले काय होऊन राह्यलं?" ती म्हणाली, "ॲसिडिटी."

त्यातच केसांना डाय लावताना घालायचे प्लास्टिकचे हातमोजे कमी होऊ लागले. अख्खं पाकीट नवीन फोडलेलं, आणि निम्मं रिकामं. संगीताला धागा सापडल्यासारखं झालं. तिनं चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "माह्या पाकिटातले मोजे कोनं नेले?"

"मले कायले पाह्यजे ताई मोजे?" उज्ज्वला म्हणाली.

"इकत असशीन पुसदले."

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. तिनं मान खाली घातली आणि हातातलं काम करत राहिली. त्या दिवशी संगीता जेवली, चांगली दोन भाकरी जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी उज्ज्वला एकीच्या चेहऱ्याला पॅक लावून बसली होती. संगीता पाणी प्यायला मागे गेली. मोरीपाशी धनीबाई उकिडवी बसून करपलेली कढई घासत होती. तिच्या दोन्ही हातांत डायचे मोजे होते, मनगटाला रबर लावून पक्के केलेले. बाजूच्या खुंटीला अजून एक जोडी धुऊन वाळत घातली होती.

संगीताच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर आनंद. जिंकले मी, सापडली चोरी. तो आनंद पुरता होतो न होतो तोच आत काहीतरी फाटलं. सासूनं चोरी केली होती, आणि ती उज्ज्वलासाठी केली होती.

"हे काय व्हय, याडी?"

धनीबाई दचकली नाही. "मोजे व्हय. दिसत नाही का?"

"वावरातबी घातले?"

"घातले ना. बाया हासल्या."

"तिले जिकवाले?"

"जिकनं-हारनं तुमचं तुमी पाहा," धनीबाई म्हणाली. "नवी हाय ती पोरगी. माह्या हातावर पालिश लावलं तिनं, सारं गाव पाहून राह्यलं. उडालं तं लोकं तिले हासतीन."

"आन माह्यं?" संगीताचा आवाज चिरकला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "माह्या पालिशसाठी कदी घातले तुमी मोजे? तिच्याच साठी काहून? मी का वाऱ्यावर आली होती?"

धनीबाईनं घासणी खाली ठेवली आणि सुनेकडे नीट पाहिलं. "तवा तांड्यात मोजे भेटत होते का? बोटाईले चिंध्या बांधून कापूस वेचला मी. बायाईले सांगतलं, काटे गेले म्हनून. तू यायच्या वक्ती चिंध्या सोडून टाकत होती. आन घरचे भांडे तुह्या सासऱ्यानं घासले."

"मामाजीनं?"

"हो. मी म्हनलं, पोरीनं मोठ्या हौसेनं लावलं, टिकू दे. तं म्हने, सरक बाजूले. तू आर्नीवरून यायच्या आंधी घासून ठेवे. कोनाले सांगशीन तं पाह्य, म्हने."

संगीता तिथेच ओल्या फरशीवर बसली. सासरे, बाबूसिंग, जाऊन बरीच वर्षं झाली. प्यायचं पाणीही त्यांना हातात द्यावं लागे, आणि सुनेशी ते उभ्या जन्मात धड बोलले नव्हते. ते राख घेऊन भांड्यांपुढे बसलेत, मिशीला राख लागली आहे, हे तिला दिसेना आणि दिसायचं थांबेना. हसू येत होतं, रडूही येत होतं. आणि ‘पोरीचा हातच चांगला’ ही थाटाची जुनी गोष्ट, तिचेही आता पोपडे निघाले, गिऱ्हाइकांना कोणत्या तोंडानं सांगायची, हेही वाटत होतं.

पण मत्सर काही एका दुपारी जात नाही. डोळे पुसून तिनं विचारलंच, "मंग माह्यासाठी जास्त केलं, का तिच्यासाठी?"

"हे कढई घे अन् घास," धनीबाई म्हणाली. "माही कंबर दुखून राह्यली."

संगीतानं उघड्या हातांनी कढई घासली. पार्लरमध्ये जाऊन उज्ज्वलाला म्हणाली, "मोजे भेटले. खाटेच्या मांगं पडले होते." माफी वगैरे काही तिच्या तोंडून निघाली नाही. तिच्या मानानं हेच पुष्कळ होतं.

धनीबाईचं पॉलिश टिकलं, पैज उज्ज्वलाची झाली. लग्न दिग्रसजवळच्या तांड्यावर होतं. खुशी पाटावर बसली होती, तिचा हात उज्ज्वलाच्या मांडीवर. भोवती बायकांचा गराडा. संगीताकडे काम होतं बाटल्या धरायचं आणि कापसाचे बोळे पुरवायचं. घराण्यातल्या नवरीपाशी ती पहिल्यांदाच अशी दुसरीच्या हाताखाली बसली होती, आणि तिला ते अजिबात सहन होत नव्हतं.

नवऱ्या मुलाकडची बिजलीबाई वाकून पाहत होती. "दिसते तं छान. पन टिकन का व? आमच्या घरी नवरीले दुसऱ्याच दिवशी चुलीपाशी बसा लागते."

"याडीच्या हातावर टिकलं, बिनामोज्याचं," उज्ज्वला म्हणाली. तिला काय माहीत!

बिजलीबाईला पटलं नाही. तिनं संगीताकडे मोहरा वळवला. "तू मोठी, तू सांग. खरंच टिकलं का कामाच्या हातावर?"

सगळ्या बायका संगीताकडे पाहू लागल्या. एक शब्द पुरेसा होता, मोजे. तो तिच्या जिभेच्या अगदी टोकाशी आला होता, गोड लागत होता. तो बोलला की उज्ज्वलाचं नाक इथंच, भर मांडवात खाली येणार होतं आणि पार्लरमधली दुसरी खुर्चीही पुन्हा आपली होणार होती. पलीकडे धनीबाई सुपारी कातरत होती. तिनं मान वर केली नाही.

"टिकलं," संगीता म्हणाली. "मी रोज पाह्यलं."

बोलून झाल्यावर तिला चटका बसल्यासारखं झालं. उज्ज्वलानं चमकून तिच्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून ताईच्या तोंडून तिनं स्वतःबद्दल चांगला शब्द ऐकला नव्हता. तिचा हात हलला आणि खुशीच्या अंगठ्यावरचा रंग नखाबाहेर, कातडीवर पसरला.

"सरक," संगीता म्हणाली. बोळा रिमूव्हरमध्ये बुडवून तिनं तो डाग नखाच्या कडेनं अलगद पुसून काढला. उज्ज्वलाच्या हातून डाग पडला याचं तिला फार बरं वाटलं, आणि अंगठा पूर्ण स्वच्छ होईपर्यंत तिनं खुशीचा हात सोडला नाही.