फुकटचा ड्रायव्हर

किल्ली माझ्या भातात येऊन पडली.

दुबईतल्या देरा भागातल्या एका हॉटेलात कंपनीची पार्टी होती. टेबलाच्या त्या टोकाला आमचे मॅनेजर साहेब, पुण्याचे. शेजारी इंग्लिश कन्सल्टंट. साहेबांनी तिथूनच गाडीची किल्ली भिरकावली आणि ओरडले, "ए मॉर्मन, तू तर कोरडाच आहेस. चल, सगळ्यांना घरी सोड."

सगळे हसले. मी किल्ली उचलली. रुमालाने पुसली. एकेकाला घरी सोडलं. एकजण मागच्या सीटवर ओकला, तेही मीच धुतलं.

मी ड्रायव्हर नव्हतो. एस्टिमेटर होतो. बांधकामाचा नकाशा बघून सिमेंट किती, लोखंड किती, माणसं किती याचा अंदाज बांधायचा आणि टेंडरचा आकडा काढायचा, हे माझं काम. कंपनीच्या कित्येक इमारती माझ्या आकड्यांवर उभ्या राहिल्या.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याआधी हैदराबादला नोकरीत असताना मी आणि बायको मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेलो. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझा बाप दारूने गेला. जो देव मला बाटलीपासून लांब राहा म्हणाला, तो मला पटला. एवढं साधं होतं.

दुबईत सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमची सभाही शुक्रवारी भरायची. ऑफिसात मी धर्माबद्दल अवाक्षर काढलं नाही. पहिल्या दिवशी चहा नको म्हणालो, एवढाच माझा गुन्हा. आपल्या माणसांना चहा नाकारलेला जिव्हारी लागतो. साहेबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. मॉर्मन म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कन्सल्टंटने शिकवलं. त्यालाही एकच गोष्ट ठाऊक होती, की यांना बायका फार.

आमच्यात दुसरी बायको केली तर चर्चमधून काढून टाकतात. मी हे सांगून बघितलं. पण ऐकायचं कुणाला होतं? आयता विनोद मिळाला होता. त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "मॉर्मन, टेंडर झालं का?" "मॉर्मनला विचारा, आज कुठल्या बायकोने डबा दिला."

मी हसायचो. व्हिसा त्यांच्या हातात, पासपोर्ट त्यांच्या कपाटात, म्हणून हसायचो. आणि प्रत्येक पार्टीला ती किल्ली.

मग सीनियर एस्टिमेटरची जागा रिकामी झाली. ती माझीच होती, ऑफिसात सगळे तसंच धरून चालले होते. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ, काम तुझं एक नंबर. पण सीनियरला क्लायंटबरोबर बसावं लागतं. तू ज्यूस घेऊन बसणार. लोकांना वाटतं, हा आपले पेग मोजतोय. शिवाय तुमचे लोक प्रचार करतात म्हणे. इथे त्याला बंदी. उद्या कुणाच्या हातात धर्माचं पुस्तक ठेवलंस, तर कंपनी खलास."

"सर, मी कधी कुणाला पुस्तक दिलंय?"

"दिलं नाहीस रे. पण देशील असं वाटतं ना."

जागा गेली माझ्याच हाताखाली काम शिकलेल्या माणसाला. मी केबिनमधून बाहेर आलो तेव्हा डोकं भणभणत होतं. पीत नाही म्हणून यांच्या टेबलाशी बसायला नालायक. आणि पीत नाही म्हणूनच यांची गाडी हाकायला लायक! चित भी मेरी, पट भी मेरी. साहेब, तुमच्या या न्यायावर मी आजही थुंकतो.

त्याच महिन्यात एका हॉटेलच्या लॉनवर दुपारचं फॅमिली लंच ठेवलं. मोठं टेंडर मिळालं होतं. आकडा माझा. हार नव्या सीनियरच्या गळ्यात. जेवण झाल्यावर साहेब ग्लास घेऊन आमच्या टेबलाशी आले, मागे कन्सल्टंट. माझ्या बायकोला म्हणाले, "काय वहिनी, तुम्ही कितव्या? बाकीच्यांना घरी ठेवून आलात वाटतं?"

लॉनभर हशा. बायकोने मान खाली घातली. आणि मी? सवयीने मीही हसलो.

माझी मुलगी सात वर्षांची. माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, व्हाय आर यू लाफिंग?"

एवढी वर्षं मी सहन करतोय असं समजत होतो. प्रत्यक्षात मी त्यांना साथ देत होतो, स्वतःच्या बायकोच्या विरुद्ध.

तेवढ्यात साहेबांनी किल्ली पुढे केली. "यल्ला, चल मॉर्मन. गाडीत आम्ही चौघं. वहिनींना आणि पोरीला बसने पाठव."

मी हात पुढे केला नाही.

"नाही."

"काय नाही?"

"सर, मी पीत नाही ते माझ्या देवासाठी. तुमच्या सोयीसाठी नाही. बाहेर टॅक्सी उभ्या आहेत."

साहेबांचा चेहरा लालबुंद. "कुणाशी बोलतोयस कळतंय का? शनिवारी व्हिसा कॅन्सल करीन."

"करा. पण त्या कागदावर मॉर्मन लिहून चालणार नाही. माझं नाव लिहावं लागेल. आठवत नसेल तर विचारून घ्या."

बायको उठली, मुलीचा हात धरला. आम्ही तिघं बसने घरी गेलो.

शनिवारी व्हिसा खरंच कॅन्सल झाला. ज्यांना मी वर्षानुवर्षं घरी पोचवलं, त्यातला एकही माझ्या टेबलापर्यंत आला नाही. बिऱ्हाड गुंडाळून गावी गेलो. मुलीची शाळा तुटली. नातेवाईक म्हणाले, एवढ्याशा किल्लीसाठी कुणी नोकरी घालवतं का? घालवतं. मी घालवली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन.

पुढे पुन्हा आखातात काम शोधताना दुबईशेजारच्या अजमानमधल्या एका ठेकेदाराकडे मुलाखतीला गेलो. मॅनेजरने चहा मागवला. मी नको म्हणालो. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. तो गालात हसला. "पीते नहीं? अच्छा है. पार्टी के बाद गाडी तुम चलाना."

"गाडी नहीं चलाऊंगा. टेंडर बनाऊंगा."

ती नोकरी मिळाली नाही. त्यानंतरची मिळाली. आता कुठेही गेलो की कुणी विचारायच्या आधी मीच सांगतो. मी मॉर्मन आहे. बायको एक आहे. गाडी फक्त माझ्या घरच्यांसाठी चालवतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी हसणार नाही.