उंदीरमामांची घरटी

प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणत. पंचवीस वर्षं रोज सकाळी पिंजरे साफ करून मामा प्रत्येकात मऊ कागदाचा तुकडा टाकत. धडधाकट उंदीर दुपारपर्यंत तो कुरतडून घरटं करी. आजारी उंदीर त्याला तोंडही लावत नसे. "उंदरांचं बरं कळतं, माझं डोकं दुखतंय ते नाही कळत!" असं त्यांची बायको म्हणे.

यंदा तिथल्या संशोधक मुलीचा जीव टांगणीला लागला होता. तिने सगळ्या उंदरांना यकृत बिघडवणारं विष दिलं होतं आणि निम्म्यांना त्यासोबत लवंगेचा अर्क. प्रयोग दोनदा फसला होता. आता फसला तर पदवी हुकणार होती. रक्ताचा अहवाल यायला दोन दिवस होते.

"पोरी, नखं कुरतडू नकोस, ते काम उंदरांवर सोड," मामा म्हणाले. "ये, बघ."

नुसत्या विषाच्या पिंजऱ्यांत कागद जसेच्या तसे होते. लवंगवाल्या दहापैकी आठ पिंजऱ्यांत गुबगुबीत घरटी होती.

"मामा, हा काही पुरावा नाही हं!" ती म्हणाली खरी, पण आठवड्याभरात पहिल्यांदाच डबा उघडून पोटभर जेवली.