दिनकरने माईक बाजूला धरला
दिनकर गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. मित्रांच्या ग्रुपवर त्याचा हसरा फोटो, खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'सुप्रसिद्ध संमोहनतज्ज्ञ' अशी ओळ. लहानपणापासूनचा मित्र गेला म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की आता तरी सुमन पुन्हा मिश्री लावेल. सुमन माझी बायको. लिहायला लाज वाटते, पण त्याला जाऊन महिना झाला, आता खोटं लिहून त्याला काय आणि मला काय...

आम्ही दोघं आष्ट्याचे. जादू बरोबरच शिकलो, बरोबरच खेळ केले. हात माझे चांगले होते, हे तोही कबूल करायचा. पत्ता तळव्यात दडवायचा कसा, हे त्याला मी शिकवलं. पण बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाणं मी गायब करायचो आणि लोक त्याच्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवायचे. मग एक दिवस घरच्या कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी रडलो, आणि ते रडणं खरं होतं. पण घरी येताना हेही मनात आलं, की आता खेळ माझा एकट्याचा. वर्षभर तो कुठली कुठली पुस्तकं वाचत बसला आणि एका सकाळी येऊन म्हणाला, "वसंता, बोटं गेली, पर जीभ हाय की रं गड्या! मी आता संमोहन करनार."

त्याचा पहिला प्रयोग गावातल्याच शाळेच्या मैदानावर झाला. मी पुढच्या रांगेत होतो. "कोण येतंय वर?" असं त्याने तीनदा विचारलं. कुणी उठेना. पुरुष खिदळायला लागले, तेव्हा बायकांच्या बाजूने सुमन उठली. लग्नाआधीपासून ती मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासत बसायची. मी ओरडलो, अबोला धरला, दोनदा डबी उकिरड्यावर फेकली, तर तिने तिसरी आणली. तर ही सुमन खुर्चीत बसली आणि दिनकर तो अर्धा पंजा तिच्या डोळ्यांपुढे हलवत "झोप... गाढ झोप..." म्हणत राहिला. बराच वेळ गेला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. दिनकरच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. मग त्याने माईक बाजूला धरला, तिच्या कानाशी वाकला आणि काहीतरी बोलला. सुमनची मान खाली पडली. टाळ्या थांबेनात. "वहिनी, उद्यापासनं मिश्रीचा वास तुमाला नको वाटनार," असं तो माईकवरून म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बायका आमच्या दारात बघायला जमल्या. सुमनने मिठाने दात घासले. त्यानंतर तिने मिश्रीला कधी बोट लावलं नाही.

त्या एका मिठावर दिनकरचं नाव झालं. कराड, वाई, साताऱ्याहून लोक तंबाखू सोडायला सांगलीला त्याच्या खोलीवर येऊ लागले. अकरावी नापास दिनकर पाटीवर 'प्राध्यापक' झाला. मी शाळाशाळांतून टोपीतून कबुतरं काढत होतो आणि हेडमास्तर विचारायचे, "तुम्ही संमोहन नाही का करत?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण खरं जळायचो ते घरात. जे मला नवरा असून जमलं नाही, ते त्याने कानात एक वाक्य बोलून केलं. काय बोलला तो? सुमनला किती वेळा विचारलं. "झोपेतलं कुनाला आठवतंय?" एवढंच ती म्हणायची.

डबी टाकायची नाही, भरलेली समोर ठेवायची, असा त्याचा सगळ्यांना नियम होता. आमची डबीही स्वयंपाकघरातल्या फळीवर तशीच राहिली. दर दिवाळीला तो यायचा, बसायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जायचा, फळीकडे बघून क्षणभर उभा राहायचा आणि मगच चहा घ्यायचा. माझ्या घरात येऊन स्वतःची करामत तपासतो, म्हणून मी आतल्या आत धुमसायचो. गेल्या दिवाळीत त्याला धाप लागत होती, तरी तो दारापर्यंत गेलाच.

त्याचं तेरावं करून आम्ही सांगलीहून परतलो. दुसऱ्या सकाळी मी ती डबी काढली, झाकण उघडलं आणि सुमन तोंड धुते तिथे मोरीवर ठेवली. मांत्रिक गेल्यावर मंतर किती दिवस टिकतो, मला बघायचं होतं. सुमनने डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. झाकण लावत म्हणाली, "आवं, मी झोपलेच न्हवते."

"म्हणजे?"

"जागीच हुते. कानात म्हनले, 'वहिनी, जमंना झालंय मला. डोळं उघडू नका, माझी एवढी लाज राखा.' दोन बोटं गेलेला मानूस, आजून काय घालवायचं त्याचं? दुसऱ्या दिवशी मी मिश्री लावली असती, तर गावानं त्यांना जगू दिलं असतं का? चार महिने डोस्कं फुटायची पाळी आली हुती माजी."

"मी इतकी वर्षं सांगत होतो, तेव्हा?"

"तुमी सांगत हुता," ती म्हणाली. "त्यांनी मागितलं."

दिनकर पहिल्याच प्रयोगात उघडा पडला होता, हे कळायला मी अर्धं आयुष्य दिलं असतं. कळलं, आणि पोटातलं दुखणं दुप्पट झालं. विद्येच्या जोरावर त्याने तिची सवय सोडवली असती, तर ते सोसलं असतं. हिने ती स्वतःच्या जोरावर सोडली, आणि त्याच्यासाठी सोडली. दर दिवाळीला तो त्या दारात का उभा राहायचा, तेही आता कळतं.

काल चहा घेताना मी सुमनला म्हणालो, "ती डबी आता टाकून दे." लगेच जीभ चावली, आणि आवाज खाली आणून विचारलं, "टाकशील का?"

"न्हाई," ती म्हणाली.

डबी फळीवर आहे.