पुन्हा विका

आर्लन वावरा या शेतकऱ्याला आवाज देताना देवाने हात आखडता घेतला नव्हता. कुरणाच्या एका टोकाला उभा राहून तो हाक मारायचा आणि दुसऱ्या टोकाची गुरं माना वर करायची. तरुणपणी लिलाव पुकारायला शिकवणाऱ्या एका शाळेत तो दोन आठवडे राहूनही आला होता. बाप तेव्हा म्हणाला होता, "बडबड करायला शाळा कशाला लागते? तुझ्या आईला न शिकता येतं." आर्लनने मनावर घेतलं नाही. ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या तो कुंपणाचे खांब विकायचा. या खांबाला शंभर, पलीकडच्याला सव्वाशे, मागून कुणीतरी दीडशे. जिभेला वेग आला की त्याची कळी खुलायची. पुढे शेती गळ्यात पडली, डेलाशी लग्न झालं आणि हौस हौसच राहिली.

चाळिशीत असताना गवताचा एक गोल भारा ट्रॅक्टरच्या दातांवरून निसटून त्याच्या पाठीवर आला. नेब्रास्कात आमच्याकडे भारा म्हणजे अर्ध्या टनाच्या वर. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं.

आमचं गाव वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चर्चच्या तळघरात आर्लनसाठी मदतीचा लिलाव झाला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी गोधडी दिली, कुणी खोगीर दिलं. आमच्या या लिलावाची रीत अशी की घेणारा चौपट-पाचपट पैसे मोजतो आणि वर ओरडतो, "पुन्हा विका!" मग तीच वस्तू परत टेबलावर येते, आणि परत विकली जाते. एमिल कोझाकच्या बायकोने खसखस भरून केलेल्या कोलाचेंचं, म्हणजे गोड पावांचं, एक ताट त्या संध्याकाळी इतक्यांदा विकलं गेलं, की शेवटी ते खाल्लं कुणी, हे कुणालाच आठवत नाही. आर्लन चाकांच्या खुर्चीत पुढे बसून सगळ्यांचे हात हातात घेत होता. त्या दिवशी तो मनापासून रडला, आणि ते रडणं खरं होतं.

पण मदतीवर माणूस किती दिवस जगणार? शेत भाड्याने गेलं. डेला शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. ती सकाळी गेली की आर्लन खिडकीपाशी बसायचा आणि त्याला घर खायला उठायचं. पैशाची ओढाताण होतीच, पण त्याला त्याहून जास्त लागायचं ते वेगळंच. संध्याकाळी अंगाला कामाचा वास घेऊन घरी यावं, डेलाच्या हातात पगार ठेवावा आणि "दमलो गं" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने उंबरठे झिजवले म्हणायचं, तर चाकांना उंबरठे चढता येतात कुठे. धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसायचं काम होतं. तिथला मॅनेजर हॅरल्ड म्हणाला, "तू कशाला दगदग करतोस? आम्ही आहोत ना!" ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या लमीर पोकोर्नीने तर खुर्ची आत ओढून घेतली, कॉफी पाजली, दोन तास गप्पा मारल्या आणि कामाचा विषय निघाला की दरवेळी पोराच्या फुटबॉलवर गेला. नाही असं कुणीच म्हणालं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

अशी तीन वर्षं गेली. मग रॉय स्टेकलीच्या दर गुरुवारच्या गुरांच्या बाजारातला म्हातारा लिलाववाला घसा बसल्यामुळे घरी बसला. आर्लन दुसऱ्याच दिवशी रॉयच्या दारात.

"रॉय, लिलाव तोंडाने पुकारतात ना?"

"तोंडाने."

"माझं तोंड शाबूत आहे."

"ते अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे," रॉय म्हणाला. मग त्याने खुर्चीकडे उघड उघड पाहिलं. आमच्याकडे असं कुणी पाहत नाही. "पुकारायची खोली वर आहे. पायऱ्या कशा चढणार?"

"मी वर कशाला चढू? माइक खाली आणा."

रॉयने टोपी मागे सारली. "एक गुरुवार देतो. पण ऐक, मी दयाबिया करत नाही. गुरं नीट विकली तर नोकरी तुझी. नाही विकली तर कॉफी पी आणि घरी जा."

"तीन वर्षांत माझ्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं," आर्लन म्हणाला. रॉयला वाटलं हा टोमणा मारतोय, पण तो टोमणा नव्हता.

त्या आठवड्यात सरावापायी घरात एकही वस्तू जागेवर राहिली नाही. मीठदाणी विकली, पडदे विकले, मांजर तर दोनदा विकलं. डेला म्हणाली, "मलाही विकून टाक एकदाची."

"तुला कोण घेणार? जेवायला घालावं लागेल."

ती हसत भांडी घासत राहिली, पण तिचे डोळे भरून आले होते. नवऱ्याने तिची अशी थट्टा करून किती दिवस झाले होते.

गुरुवारी रॉयने रिंगणाच्या फाटकापाशी फळ्या ठोकून माइक लावला होता. पहिल्या रांगेत नेहमीचे बाहेरगावचे व्यापारी होते. हे शेकड्यांनी गुरं उचलतात, हात वर करत नाहीत. एकाचं बोट हलतं, एकाची नुसती भुवई. मागच्या फळ्यांवर मात्र सगळं गाव लोटलं होतं, घोटून दाढ्या केलेलं. आर्लनला ते पाहून बरं वाटलं. हे सगळे आपलं काम बघायला आलेत, असं त्याला वाटलं.

काळ्या गोऱ्ह्यांचा पहिला कळप आत आला आणि त्याने जीभ सोडली. भुवई टिपली, बोट टिपलं, भाव रास्त जागी नेऊन थांबवला. एक वार, दोन वार, तीन वार! दुसरा कळप त्याहून छान गेला. कोरोटकी नावाचा एक तिरसट व्यापारी शेजाऱ्याला म्हणाला, "पोरगा बरा आहे." वरून रॉयने मान हलवली. आर्लनच्या मानेवर घाम आला होता, कामाचा घाम. तो त्याने पुसला नाही.

मग एमिल कोझाकचं एकटं वासरू आत आलं. एमिल शेजारी, भला माणूस, त्याच्या मनात वाईट विचार कधी येणार नाही. पाचशेपाशी व्यापारी थांबले. तेवढ्यात मागून लमीर पोकोर्नी ओरडला, "हजार!"

"लमीर, पाचशेवर आहोत आपण."

"माझे हजार. नाही, दोन हजार!"

लोक हसले. आर्लन हसला नाही. पण बोली म्हणजे बोली. त्याने तीन वार म्हटलं. लमीर उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "पुन्हा विका!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. वासरू बिचारं कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं.

आर्लन माइकमध्ये म्हणाला, "मंडळी, आज मी कामावर आहे." आवाज चढवायला त्याला जमलं नाही. "हे मदतीचं नाही. मी कामावर आहे."

ते ऐकून बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले आणि टाळ्या दुप्पट झाल्या. हॅरल्डने अडीच हजारांची बोली लावली. त्यानेही पुन्हा विकायला सांगितलं. आर्लनने वासरू पुन्हा विकलं, मग आणखी एकदा. तो दुसरं काय करणार होता? सगळे प्रेमाने मारत होते, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कोरोटकीने घड्याळात पाहिलं, खिशातून एक नोट काढून लोकांनी फिरवायला घेतलेल्या मदतीच्या डब्यात टाकली आणि टोपी घालून बाहेर पडला. त्याच्यामागे बाकीचे व्यापारी उठले. बाहेर अजून दोनशे गुरं उभी होती, ती मालकांना परत घरी न्यावी लागली.

बाजार मोकळा झाल्यावर रॉय खाली येऊन फळीवर बसला.

"तुझ्या पुकाऱ्यात खोट नाही," तो म्हणाला. "पण व्यापारी म्हणतात, इथे भाव कळत नाही. तू माइकवर असलास तर ते येणार नाहीत."

"पुढच्या वेळी असं होणार नाही, रॉय. मी सांगतो लोकांना."

"काय सांगशील? आज सांगितलंस की."

आर्लनने मान खाली घातली. रॉयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आणि त्याबद्दल आर्लनला तो आयुष्यभर आवडत राहिला.

तेवढ्यात एमिल डबा घेऊन आला, मागे लमीर आणि हॅरल्ड. तिघांचेही चेहरे लग्नघरातल्यासारखे फुललेले. एमिलने डबा आर्लनच्या मांडीवर ठेवला. त्या मांडीला त्याचं वजन कळलं नाही.

"काय पुकारलंस रे!" एमिल म्हणाला. "चर्चमध्ये ठरवूनच टाकलं आम्ही. यापुढे मदतीचे सगळे लिलाव तूच पुकारायचे. पुढच्या महिन्यात नोवाकांच्या जळालेल्या गोठ्यासाठी आहे."

आर्लनने त्याच्याकडे पाहिलं. "किती द्याल?"

एमिल पोट धरून हसला. लमीर हसला, हॅरल्डने खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "बघा, याची थट्टा काही जात नाही," एमिल डोळे पुसत म्हणाला.

आर्लनही हसला. मग त्याने विचारलं, "किती वाजता येऊ?"