वसंता दिल्लीला जाऊन आला

परवा आमच्या अमडापूरला वसंताचा सत्कार झाला. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो... पुढे मी शेतात राहिलो, त्यानं चिखलीला डाळ मिल टाकली.

बाहेरच्या देशातली तूर आयातशुल्काशिवाय येऊ द्या, हे सांगायला मिलवाल्यांचं शिष्टमंडळ दिल्लीला गेलं होतं. त्यात हा होता. तूर येतच राहिली, भाव उतरला... आणि भाव वाढेल म्हणून मी घरात ठेवलेली तूर तशीच पडून आहे. अजून उतरला तर काय करायचं, या विचारानं जेवण जात नाही.

आणि गाव त्यालाच हार घालतंय. का, तर आपला माणूस मंत्र्यापर्यंत पोचला. मंत्र्यासोबतचा फोटो तो मोबाईलवर सगळ्यांना दाखवत होता. खरं लिहितो, मला त्याचा हेवा वाटला.

वर्गमित्र म्हणून शाल मलाच घालायला लावली. वर माईक हातात दिला, दोन शब्द बोला म्हणून. तयारी काहीच नव्हती... तोंडातून निघून गेलं, "वसंता, तिथं आमच्या तुरीच्या बाजूनं कोण बोललं बे?"

वसंता मात्र चिडला नाही. "कोणीच नाही. आमची संघटना दर महिन्याले बसते, निवेदनं धाडते. तुमच्यातलं कोणी येईन असं मले वाटलं होतं... कोणी आलंच नाही."

तेवढ्यात मागून शेवंताबाई बोलल्या. त्या रोजानं दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जातात. "अन् भाऊ, तुमचा भाव वाढला तं आम्ही वरण कायचं कराव? नुसत्या हळदीचं?"

सगळे हसले. मी खाली बसलो.

इतकी वर्षं मला वाटायचं, सरकार कोणाचंच ऐकत नाही. ऐकतं की... मिलवाल्यांचं ऐकतं, डाळ महागली की बायाबापड्या ओरडतात त्यांचंही ऐकतं. आम्ही आपले पारावर बसून एकमेकांनाच सांगतो.

काल चार-पाच तूरवाल्यांना फोन केले, आपणही बसू म्हटलं. एक म्हणाला, "काऊन, म्हातारपणी पुढारी व्हायचं हाये का तुले?" दोघं येतो म्हणाले. ते खरंच येतील की नाही, ही आता नवी काळजी.

वसंताचा हेवा अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच वाटतं... हेवा गेला, तर मी परत पारावर जाऊन बसेन.